साडेतीन किलोंचा संशय

“मग ही बाई खोटं बोलत नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता, सर?”

डॉ. ऋत्विज दिघे हातातला कागद हलवत विचारत होता. पुण्याहून मोठी पदवी घेऊन आलेला, तरुण, घाईचा. समोर डॉ. अंबर्डेकर. तालुक्याच्या धर्मादाय रुग्णालयातलं हे डायलिसिस केंद्र त्यांनी तीस वर्षं चालवलेलं.

दोघांच्या मधल्या खाटेवर शेवंताबाई मोकाशी होत्या. सहा वर्षं त्या आठवड्यातून दोनदा इथे येत होत्या. सुई अजून टोचली नव्हती.

“हिचं ड्राय वेट चौऱ्याऐंशी,” ऋत्विज म्हणाला. जास्तीचं पाणी काढल्यावर अंगाचं जे वजन उरायला हवं, ते ड्राय वेट. “आज काट्यावर साडेसत्त्याऐंशी. म्हणजे साडेतीन लिटर पाणी. आजवर आपण हिचं ऐकून दोनच काढत होतो. अहवाल आला आणि मंगळवारी मी सगळं काढलं. आजही काढणार.”

“नगा काढू, डाक्टर,” शेवंताबाई म्हणाल्या. “मंगळवारी पोटऱ्यांत गोळं आलं, डोळ्यांम्होरं अंधार झाला. मेलेच हुते मी. सलाईन लावून पाणी परत भरलं, तवा उठले. दिसाला दोन फुलपात्रं पिते, जास्त न्हाई.”

“इथे सगळे दोनच फुलपात्रं पितात!”

परिचारिका हसल्या. जाड रुग्णाला त्या वॉर्डात ‘पाणीचोर’ म्हणायचे. तोंडावर. बारीक माणसाला तसं कुणी कधी म्हटलं नाही.

“काय आहे अहवालात?” अंबर्डेकरांनी विचारलं.

“जनुकांची तपासणी, सर. आपल्या चाळीस रुग्णांचं रक्त मी पाठवलं होतं. भुकेशी संबंध असलेल्या एका जनुकात हिच्यात बदल आहे. अशांना भूक आवरत नाही, वजन चढतं. आता जिला भूक आवरत नाही, तिला तहान आवरेल?”

“तहानेचं कागदात लिहिलंय?”

“...नाही. ते मी ताडलं.”

“त्या चाळिसांत सगळ्यांत सडपातळ कोण होतं?”

“रेठरेकर गुरुजी. अहवाल अगदी स्वच्छ. पथ्य तर असं कडक की...”

“कुठे असतात हल्ली?”

ऋत्विजने हातातला कागद खाली घेतला. गुरुजी फाल्गुनात गेले होते.

“डायलिसिसवर जाड माणसं जास्त टिकतात, हे आकड्यांत दिसतं, सर,” तो म्हणाला. “पण का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही.”

“मग तेही लिही कागदावर. ‘ठाऊक नाही’ म्हणून.”

अंबर्डेकर उठले. शेवंताबाईंच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबून धरला. बराच वेळ. मग उचलला.

अंगात पाणी फार साचलं की तिथे खड्डा पडतो. कातडी सपाट होती. खड्डा नाही.

त्यांनी मानेची शीर पाहिली, पाठीला नळी लावून श्वास ऐकला.

“ऋत्विज, मोजा काढ.”

“माझा?”

“सकाळपासून उभा आहेस ना? काढ.”

त्याच्या नडगीवर त्यांनी तोच अंगठा तसाच दाबला, आणि उचलला.

चांगला बोराएवढा खड्डा. हळूहळू भरत गेला.

“अगं बया!” शेवंताबाई उठून बसल्या. “ह्यो बघा पाणीचोर!”

या वेळी परिचारिका हसल्या नाहीत. एकीने तर मान फिरवली.

“चौऱ्याऐंशी कधी ठरवलं होतं?” अंबर्डेकरांनी विचारलं.

ऋत्विजने फाईल चाळली. “मागच्या वर्षी... न्यूमोनियातून उठल्या तेव्हा.”

“बाई, जेवण जातं का आता?”

“जातंय की, मोठं साहेब. तवा तोंडाला चवच नव्हती. आता सून भाकरी वाढती, मी खाती. त्ये बी चुकलं व्हय?”

अंबर्डेकरांनी काट्याकडे बोट केलं.

ऋत्विज काट्याकडे बघत राहिला. साडेतीनांतलं दीड किलो मांस होतं. वर्षभरात भाकरीने चढलेलं. ते पाणी समजून मंगळवारी यंत्राने बाईच्या रक्तातून दीड लिटर जास्त ओढलं होतं, आणि यंत्राला आकडा त्याने दिला होता.

“माझं चुकलं, मावशी,” तो म्हणाला.

“आसूं दे. मी हाय अजून.”

त्याने फाईलमधले चौऱ्याऐंशी खोडले. पेन तिथेच थांबलं...

“सर, मग यांचं खरं वजन किती धरायचं?”

अंबर्डेकर पुढच्या खाटेकडे निघाले होते.

“उठून, आपल्या पायांनी घरी जातील, तेवढं.”