सरकारांचा नाचाचा खांब

नाचाचा खांब माझ्या शयनमहालात उभा राहिला पाहिजे, असा मी हुकूम सोडला, तेव्हा दिवाण रंगोपंत एवढंच म्हणाले, "उत्तम विचार." माझा कुठलाही विचार त्यांना उत्तमच वाटतो. माझं संस्थान इतकं लहान, की शिकारीला निघालो आणि घोडा जरा उधळला, तर शेजारच्या राजाची माफी मागून परत यावं लागतं. पण हट्टाच्या बाबतीत मी चक्रवर्ती आहे.

झालं असं, की जत्रेत मी एक नाचणारी बाई पाहिली. ढोलकीच्या तालावर ती खांबाभोवती गिरक्या घेत वर जाई आणि हात सोडून नुसत्या पायांवर उलटी लटके. मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. माझा घेर पाहता असं का वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. वाढदिवसाच्या दरबारात नाचून सगळ्यांना थक्क करायचं आणि तोवर घरातल्या घरात गुपचूप सराव करायचा, असा बेत ठरला.

पण राणीसाहेबांनी नुकतीच नवी फरशी बसवली होती. तिला भोक पडलं, तर त्या माहेरी निघणार होत्या. वर छताला आजोबांनी रंगवून घेतलेले पोपट. त्यांना खिळा लागला, तर मातोश्री अन्न सोडणार होत्या. म्हणून मी अट घातली: खाली खड्डा नको, वर खिळा नको, दोरी बांधायची नाही, आणि मी लटकलो तरी खांब केसभरही हलता कामा नये. हलला, तर सुताराची वखार सरकारजमा आणि तो संस्थानाबाहेर!

पहिल्या सुताराने खांबाखाली जड पाट जोडला. मी मिठी मारताच पाट, खांब आणि मी असे तिघेही पलंगावर आडवे झालो. पलंग मोडला आणि सुतार रातोरात पसार झाला. दुसरा तर हुकूम ऐकूनच आजारी पडला. उरला म्हातारा गुणाजी. तो हात जोडून नाही म्हणणार, तेवढ्यात त्याची लेक साळू पुढे आली. बापाच्या बरोबरीने रंधा मारणारी बाई ती.

"जमंल, सरकार," ती म्हणाली. "पर आधी छत वाजवून बघू द्या."

लांब बांबू घेऊन ती पोपटांच्या पोटांवर हळूच ठोकत फिरली. पोकळ आवाज आला की पुढे सरके. एका जागी आवाज घट्ट आला. तिथे वर तुळई होती. मग लाकडाची निवड. मला हत्ती बांधावा असा जाडजूड, नक्षीदार खांब हवा होता. साळूने माझ्या मुठीचं माप घेतलं आणि त्या मुठीत मावेल असा गुळगुळीत शिसवी खांब निवडला. उंचीला तो तिने मुद्दाम जरा आखूड कापला. खाली चामडं, वर चामडं आणि वरच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. त्या ठोकत गेल्या तसा खांब छत आणि फरशीच्या मध्ये आवळून बसला. ना खड्डा, ना खिळा. साळू स्वतः लटकली, तरी तो जागचा हलला नाही.

माझा गुपचूप सराव मात्र आत्याबाईंनी बुडवला. घरात खांब उभा राहिला म्हणजे लग्नाची मुहूर्तमेढ, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी खांबाला हळदकुंकू लावलं, आंब्याचे डहाळे बांधले आणि पेढे वाटले. संध्याकाळपर्यंत सरकार दुसरं लग्न करताहेत, हे गावभर झालं. राणीसाहेब सगळा राजवाडा घेऊन महालात आल्या आणि मुलगी कुठली, असं त्यांनी विचारलं. घाबरून मी नाचाचं खरं कारण सांगून टाकलं.

"मग नाचून दाखवा," राणीसाहेब म्हणाल्या.

गुणाजी आणि साळूलाही बोलावणं गेलं. मी धोतर खोचलं, खांबाला मिठी मारली आणि दोन्ही पाय उचलले. क्षणभर हवेत होतो. मग सावकाश खाली घसरलो आणि फरशीवर बसलो. तोंडभर हळद लागली होती. राजाला कुणी हसत नाही, पण न हसण्याचे कष्ट सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राजेपण आठवतं.

"खांब हलला," मी म्हणालो.

"मी या डोळ्यांनी पाहिला," रंगोपंत म्हणाले.

गुणाजीच्या लेखी सगळं संपलं. वखार गेली, मुलूखही गेला. साळूचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता. "सरकार, अजून येक डाव लटका. घुंगरांच्या दोन माळा द्या. येक खांबाला बांधा, येक सरकारांच्या कमरेला. जो हलंल त्येची माळ वाजंल."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. माझ्या कमरेची माळ राणीसाहेबांनी स्वतः बांधली, जरा जास्तच आवळून. मी पाय उचलले आणि बैलांची शर्यत सुटावी तसा खुळखुळाट झाला. खांबाची माळ मुकी. मी घसरून फरशीवर बसलो, तरी ती मुकीच.

राणीसाहेबांनी दिवाणांना विचारलं, कुठली वाजली? रंगोपंत म्हणाले, त्यांना अलीकडे ऐकायला कमी येतं.

मी उरलासुरला रुबाब गोळा केला. "म्हणजे हललो मी, आणि चूकही माझीच, असं तुला म्हणायचंय?"

गुणाजीने डोळे मिटून घेतले.

"चूक कशाची, सरकार?" साळू म्हणाली. "नाचात खांबानं हलायचं नसतं, नाचणाऱ्यानं हलायचं असतं. खांब हलला न्हाई, सरकार हलले. म्हंजी नाच झाला की!"

मी रागवायचा प्रयत्न केला. पण पोटातून हसू आलं, पोट हललं, माळ वाजली. ती ऐकून मी आणखी हसलो आणि ती आणखी वाजली. मग राणीसाहेबांना हसू फुटलं, आत्याबाईंना फुटलं आणि सगळा महाल हसू लागला. रंगोपंतांनाही ऐकू येऊ लागलं.

वखार गुणाजीचीच राहिली, वर राजवाड्याचं सगळं लाकूडकाम त्याला मिळालं. माझ्या कमरेची चांदीच्या घुंगरांची माळ मी तिथल्या तिथे साळूला बक्षीस दिली. तिची गाठ मात्र माझ्याच्याने सुटेना. ती सोडवून घ्यायला मला राणीसाहेबांपुढे हात जोडावे लागले.