चौथी काच

“सगळ्यात जास्त शेवाळ खाणारा मासा कोणता, तेवढं सांगा बाबा. दुसरं काही विचारायचं नाही मला.”

दस्तगीरबाबांनी वर पाहिलं नाही. मिरजेच्या वेशीबाहेर त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, आणि तकियात दगडी हौद. त्या हौदाच्या काठावर बसून ते आपला वाडगा विसळत होते. विसळलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतत होते.

विचारणारे होते कोठावळे. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. त्यांच्या घरात धूळसुद्धा विचारून येते, असं शेजारणी म्हणायच्या.

आता असा माणूस फकिराच्या दारी कशाला आला? तर त्या हौदात चाळीस वर्षं साठत आलेले मासे होते. घरातले मासे नकोसे झाले की लोक तिथं आणून सोडत. ज्याला हवे असतील त्याला बाबा काढून देत. पैसा घेत नसत, पण प्रश्न विचारत.

“कुणासाठी पाहिजे?” बाबांनी विचारलं.

मग कोठावळ्यांना सांगावं लागलं. मार्गशीर्षात त्यांच्या पत्नीचं, द्वारकाबाईंचं, उजवं अंग गेलं. वाचाही गेली. लेकीनं आईच्या खाटेशी माशांची छोटी काचपेटी आणून ठेवली. द्वारकाबाई दिवसभर तिकडे बघत राहायच्या, आणि बघता बघता चार घास खायच्या. पण काचेवर हिरवं धरायला लागलं. दुकानदार म्हणाला, शेवाळ खाणारा मासा सोडा. सोडला, मेला. दुसरा आणला, तोही गेला. तिसरा गेला त्या दिवशी द्वारकाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते आज आठवा दिवस. पाणी तेवढं घ्यायच्या, पण पेजेचा चमचासुद्धा ओठाला लावू देत नव्हत्या.

“डॉक्टर म्हणतात, गिळायला काही अडचण नाही. खायला लावा,” कोठावळे म्हणाले. “म्हणून म्हटलं, या खेपेला चांगला दणकट मासा बघू. तो सकर म्हणतात ना, तो द्या.”

बाबांनी भाकरीचा तुकडा पाण्यावर टाकला.

तळातून काळं, खरबरीत, हातभर लांब असं काहीतरी वर आलं आणि तुकडा ओढून खाली गेलं. कोठावळ्यांनी पाय मागं घेतले.

“हाच सकर. दुकानातून आणून कुणी इथं सोडला तेव्हा माझ्या करंगळीएवढा होता,” बाबा म्हणाले. “तुमची पेटी केवढी?”

कोठावळ्यांनी दोन्ही हात दीड फुटावर धरले... आणि आपल्याच हातांकडे बघत राहिले.

“यात तो वळणार कुठं, साहेब?”

“मग बारके द्या. चार द्या. चौघं मिळून लवकर उरकतील.”

बाबा हसले. पेटी बघायची आहे म्हणाले. कोठावळ्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढं केला, आणि जरा ताठ बसले. बघण्यासारखीच होती पेटी. काच अशी लख्ख, की मासे हवेत टांगल्यासारखे दिसत होते.

“शेवाळ कुठंय?”

“राहू देतो काय मी? सकाळी घासतो, संध्याकाळी घासतो. चारी बाजू.”

“शेवाळ खाणारे ते तिघं होते तेव्हाही?”

“तेव्हाही. माशाच्या कामावर काय भरवसा ठेवायचा? मागून आपला हात फिरवलेला बरा.”

“मग ते मेले कशानं?”



लिंबावरून दोन पानं हौदात पडली. ती कोठावळ्यांनी काढून टाकली.

बाबा अजून फोटोच बघत होते. फोटोच्या कडेला पांढरी शुभ्र चादर होती, आणि चादरीवर एक हात.

“हा हात कुणाचा?”

“तिचाच. डावा आहे. हा चांगला चालतो.”

“काय करतो?”

“काही करू देत नाही मी,” कोठावळे म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “जन्मभर राबली हो ती. आता तिनं नुसतं पडून राहायचं. मध्ये तिनं मेथीची जुडी ओढून घेतली, डाव्या हातानं निवडायला. अर्धी पानं गादीत, मुळांची माती चादरभर. मी हळूच काढून घेतली. तेव्हापासून बाजारातनं निवडलेलीच भाजी आणतो. माशांना खाणं घालायला गेली, तर निम्मा डबा पाण्यात. तो डबाही वर फळीवर ठेवला. तिला म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना.”

“काय म्हणाल्या?”

“बोलता येत नाही तिला, बाबा.”

“बरोबर,” बाबा म्हणाले. “विसरलो मी.”



बोलणं थांबलं तरी कोठावळ्यांचा अंगठा थांबला नव्हता. हौदाच्या काठावरचं शेवाळ ते नखानं खरवडत होते. वीतभर दगड पांढरा झाला होता. त्यांना पत्ताच नव्हता.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. आणि दुसऱ्या हातानं पाण्यात दाखवलं. त्या पांढऱ्या दगडाच्या खाली, पाण्याच्या रेषेशी, बोटाच्या पेराएवढा एक करडा मासा आला होता. दगडाला तोंड लावून बघत होता. इथं काही नाही म्हणून जरा पुढं सरकला, हिरवं लागलं तिथं थांबला, आणि हळूहळू तोंड हलवायला लागला.

कोठावळे बघत राहिले. त्यांचा अंगठा हिरवा झाला होता. खिशातला रुमाल त्यांनी काढला, पण अंगठा पुसला नाही.

बाबांनी बरणीत हौदाचंच पाणी घेतलं, ओंजळीनं तो मासा उचलला आणि त्यात सोडला.

“एकच?” कोठावळ्यांनी विचारलं.

“एकच. हा एवढाच राहतो. समोरची काच पुसा, बाईंना दिसलं पाहिजे. बाजूच्या दोन पुसा, तुमचा जीव राहत नाही म्हणून. चौथीला हात लावू नका.”

कोठावळ्यांनी बरणी छातीशी धरली. दारापर्यंत गेले, थांबले, आणि माघारी वळले. एवढा कडक माणूस, पण शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा राहिला.

“बाबा... ती खाईल ना?”

बाबांनी वाडगा पालथा घालून उन्हात ठेवला.

“वाटेत मंडई लागते ना? मेथीची एक जुडी घ्या.”

“माशाला?”

“मातीसकट घ्या.”