भिंतीकडे तोंड करून बसलेले उस्ताद

एकदा एका तरुण कारागिराने वहाणांचा आवाज ऐकला. त्याच्या गुरूंच्या वहाणा खडीवरून करकर वाजत लांब गेल्या, आणि गुरूंनी मागे वळूनही पाहिले नाही. त्याने नुकतेच पहिले इंजिन कोणाच्या मदतीवाचून खोलून जोडले होते. शाबासकी तर राहोच, गुरू चकार शब्द बोलले नाहीत. आपले काही चुकले असे समजून तो त्या दिवशी जेवला नाही. त्या वहाणांत राग नव्हता, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

तो कारागीर आता म्हातारा झाला होता. घाटाच्या पायथ्याशी, एका बाजारपेठेच्या गावात पत्र्याच्या शेडखाली त्याचे गॅरेज होते, आणि सारा मुलूख त्याला बाबालाल उस्ताद म्हणत असे. गुडघे दुखू लागले तसे उस्तादांनी लेकीकडे जाऊन राहायचे ठरवले. मग शेडचे काय करायचे, एवढाच प्रश्न उरला. शेजारचे किराणा व्यापारी गुरुलिंग शेट ती जागा गोदामासाठी मागत होते. उस्तादांना मात्र ती आपला शिष्य केरबा याच्या हाती द्यायची होती.

केरबा मिसरूड फुटले तेव्हापासून त्यांच्या हाताखाली होता. आता त्याची स्वतःची लेकरे शाळेत जात होती. हात नेटका, स्वभाव सरळ. पण एक खोड होती. नट फिरवताना त्याचे डोळे नटावर नसत, उस्तादांच्या कपाळावर असत. कपाळावर आठी पडली की तो पाना खाली ठेवी. आठी विरली की पुढे जाई. काम संपले की त्याचे वाक्य ठरलेले होते, "उस्ताद, एकदा बघता का?" उस्ताद बघत, आणि मगच बॉनेट खाली येई.

"तुम्ही गेल्यावर हा कोणाच्या तोंडाकडं बघणार?" शेट चिडवत. "तुमचा फोटो टांगणार काय शेडमध्ये?"

उस्ताद हसून सोडून देत. पण ते बोलणे आत रुतून बसले होते, कारण ते खोटे नव्हते.

दसरा तोंडावर आला तेव्हा शेटांनी आपली वडिलांच्या वेळची मोटार नव्याने रंगवून घेतली. उद्या म्हाताऱ्या आईला त्या गाडीत बसवून घाटापलीकडच्या कुलदैवताला न्यायचे होते. रंग हस्तिदंती, आरशासारखा. रंगाऱ्याचे दुकान त्याच आळीत होते; त्याच्या पोरांनी ती सकाळी ढकलत आणून शेटांच्या दुकानापुढे लावली. शेटांनी ऐटीत बसून किल्ली फिरवली. 'टक्' एवढाच आवाज आला. त्यांनी नवी बॅटरी आणून बसवली. पुन्हा टक्.

शेटांचा धीर सुटला. त्यांनी दुकानातले हमाल बोलावले आणि गाडी गॅरेजसमोरच्या उताराला लावली.

"नवं लुगडं नेसून बसलीया शेट, आता उठतीय कशाला!" एक हमाल म्हणाला.

"तोंड कमी चालव आणि ढकल!"

उस्ताद आणि केरबा दारात येऊन पाहत राहिले. अर्ध्या उतारावर गाडीने हिसका दिला आणि ती धडधडू लागली. हमालांनी आरोळी ठोकली. शेट तोंडभर हसले. केरबाही हसला, पण आधी त्याने उस्तादांच्या कपाळाकडे पाहून घेतले.

उस्ताद संथ पावलांनी गाडीपाशी गेले. खिडकीतून हात आत घातला, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, हे काय केलंत!" शेट ओरडले. "केवढ्या मुश्किलीनं चालू झाली होती!"

उस्तादांचे बोलणे फार सावकाश असे. ऐकणाऱ्याला थांबून राहावे लागे.

"शेट, आज तुमच्यापाशी हमाल आहेत, उतार आहे. उद्या घाटात गाडी थांबवावी लागली तर? मागे तुमच्या आई बसलेल्या असतील आणि पुढे चढ असेल. तिथं कोण ढकलणार? धक्का वाईट नाही. अडल्या वेळी मीही दिलाय, घेतलाय. पण धक्क्यानं निघाली की माणूस निश्चिंत होतो आणि आतलं दुखणं तसंच राहतं. जो रोज धक्क्यावर निघतो, त्याला आपल्या अंगात केवढं बळ आहे ते कधी समजतच नाही."

बोलता बोलता त्यांची नजर शेटांवरून सरकून केरबावर गेली होती.

गाडी शेडमध्ये ढकलून घेतली, तोंड भिंतीकडे करून. उस्तादांनी किल्ली केरबाच्या हातात दिली. मग आपले स्टूल उचलून भिंतीपाशी नेले आणि गाडीकडे पाठ करून बसले.

"रुसलात काय हो?" शेटांनी विचारले.

"नाही. त्याला माझं कपाळ दिसू नये म्हणून."

केरबाने बॉनेट उघडले. "उस्ताद, आधी बॅटरीच्याच तारा बघू ना?"

उस्तादांनी स्टूल भिंतीच्या आणखी जवळ सरकवले.

खरे सांगायचे तर उस्तादांना सकाळच्या त्या टक् आवाजातच दुखणे कळले होते. ते त्यांच्या जिभेच्या टोकावर होते. एक शब्द पुरला असता. हातांनी काम करणे सोपे असते. हात मांडीवर ठेवून बसणे किती कठीण आहे, हे त्या दिवशी त्यांना समजले. मागे बॅटरीच्या तारा सुटल्या, घासल्या गेल्या, परत बसल्या. किल्ली फिरली. टक्. मग पाना स्टार्टरच्या बोल्टला लागला. स्टार्टर चांगला होता. उस्तादांनी गुडघा घट्ट धरला. अरे, तिथे नाही लेका, असे त्यांच्या अगदी ओठांवर आले, आणि त्यांनी ते गिळले.

पाना थांबला.

मग अचानक भिंत उजळली. केरबाने गाडीचे दिवे लावले होते. उस्तादांची सावली त्यांच्यासमोर भिंतीवर मोठी उभी राहिली. किल्ली फिरली, टक् झाले, आणि दिवे मंदावून सावली विझली. किल्ली सोडताच ती परत आली. पुन्हा किल्ली, पुन्हा सावली गेली. तिच्या त्या येण्याजाण्याकडे उस्ताद श्वास रोखून बघत राहिले.

"बॅटरीत करंट आहे," केरबा स्वतःशीच पुटपुटला. "जास्त मागितला की कुठंतरी अडतोय."

तो तारेवर बोट ठेवत ठेवत पुढे सरकत असावा. आणि मग, "स्स! आई गं!"

"काय झालं रे?" शेट घाबरले.

"भाजलं, शेट. पण घावलं! ह्यो बोल्ट बघा, कसा तापलाय. बॅटरीची ही तार गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकायला पाहिजे. तुमच्या रंगाऱ्यानं तिथंही रंग मारलाय आणि वरून तार आवळलीय. रंगातून करंट कसा जाईल? चोरटा जेवढा जातोय, त्यावर दिवे लागतात. स्टार्टर फिरवायला ताकद लागते, तेवढा जात नाही."

शेट वरमले. "त्याचा काय दोष? मीच डोक्यावर उभा राहिलो होतो. कोपरा न् कोपरा रंगव म्हणालो." मग काळजीने म्हणाले, "आता खरवडणार? नवा रंग?"

"नाण्याएवढा, शेट. बॉनेटच्या आत. एवढी जागा उघडीच असावी लागते, त्याशिवाय बाकीच्या रंगाला शोभा नाही."

हे वाक्य उस्तादांनी त्याला कधी शिकवले नव्हते. भिंतीकडे तोंड करून ते मनापासून हसले.

पॉलिश पेपरची खरखर झाली. बोल्ट आवळला गेला. किल्ली फिरली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला लागले, कोणी हात न लावता. केरबाने ते बंद केले आणि पुन्हा लावले. पुन्हा बंद करून पुन्हा लावले.

उस्ताद आता त्या ठरलेल्या वाक्याची वाट पाहत होते. 'उस्ताद, एकदा बघता का?' आजवर प्रत्येक काम त्या वाक्यावरच संपले होते.

ते आले नाही. बॉनेट धपकन खाली बसल्याचा आवाज आला.

शेट गाडीत बसले. त्यांनी एकदा उस्तादांच्या पाठीकडे पाहिले, एकदा शेडवर नजर फिरवली. गोदामाचे नाव त्यांनी काढले नाही. खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "केरबा, दिवाळीनंतर तेल बदलायला इथंच आणायची ना?"

"आणा की शेट. मी आहे."

गाडी निघून गेली. उस्ताद सावकाश उठले आणि वळले. केरबा फडक्याला हात पुसत उभा होता, आणि सवयीप्रमाणे तो त्यांच्या कपाळाकडे पाहू लागला. उस्तादांचा ऊर भरून आला होता. शाबास, हा शब्द अगदी ओठांशी आला होता. पण आज तो उच्चारला असता, तर तोही एक धक्काच झाला असता.

शेड बंद होण्याआधी उस्ताद कधीच घरी जात नसत. त्या दिवशी त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, शेडच्या किल्ल्या खुंटीवरच राहू दिल्या, वहाणांत पाय सरकवले, आणि काही न बोलता खडीवरून करकर वाजवत निघून गेले.