फोटोतली जागा

माणसांच्या हाती फोन येऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. टिटवीला माळावर एक फोन सापडला. तिनं हौसेनं आपल्या अंड्यांचा फोटो काढला, माहेरी दाखवायला.

संध्याकाळी तिच्याकडून माळावर पडलेला तोच फोन कोल्ह्याला मिळाला.

"हे तर नुसते खडे," फोटो बघून तो म्हणाला.

"टिटवीची अंडी आहेत ती," फोन म्हणाला. "जागाही लिहून ठेवलीय मी. चला, दाखवतो."

कोल्ह्यानं फोन गळ्यात अडकवला. त्याला येताना पाहून टिटवी अंड्यांवरून उठली. पंख मोडल्याचं सोंग करून ती लंगडत दूर निघाली. कोल्हा अंडी विसरून तिच्यामागं धावला. टिटवीच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फोन बोलला, "कोल्होबा, वाट चुकलात. मागं वळा."