पळीभर दही

“पण आक्का, त्या यंत्रात दिसतं तरी काय?”

“जे असेल ते.”

“आणि मी गेलेच नाही तर?”

“तरी जे असेल ते. फक्त आपल्याला दिसणार नाही.”

मृणालिनीबाई गप्प झाल्या. टेकडीवरच्या त्या मठात त्यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी त्या इथेच प्रवचनाला बसत आणि ‘देह म्हणजे जुनं वस्त्र’ एवढ्या एका वाक्यावर दीड तास काढत. बायका डोळे पुसत. त्यांच्या गुरू आक्का मागे खांबाला टेकून डुलकी काढत.

आता त्याच वस्त्राच्या डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी छातीची सोनोग्राफी सांगितली होती. मृणालिनीबाईंनी आधी श्रावण पुढे केला, मग गणपती. आता पितृपक्ष लागला होता.

“तुमचीही झाली होती ना हो?”

“झाली की. उताणं निजवतात. हात डोक्यावर घ्यायचा. मग ती पोरगी काहीतरी गारगार चोपडते आणि साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यावरून फिरवते. अर्धा तास म्हणजे डोक्यावरून पाणी.”

“दुखतं?”

आक्कांनी पुढ्यातल्या मडक्यातलं पळीभर दही काढलं, मृणालिनीबाईंचा हात ओढला आणि थेट मनगटावर थापलं.

“अगं आई गं!”

आक्कांनी पळीची पाठ त्यावर दाबली आणि हळूहळू फिरवली. इकडून तिकडे... तिकडून इकडे...

“दुखलं?”

“नाही... गार लागलं.”

“झाली सोनोग्राफी. तिथलं दही चाटू नकोस, तेवढं लक्षात ठेव.”

मृणालिनीबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“भीती वाटते हो, आक्का. ती दिसेल का त्यांना यंत्रात?”

“भीती? ती मला इथूनच दिसतेय. यंत्र गाठीसाठी आहे.”

मठाचं मांजर मृणालिनीबाईंच्या मनगटाकडे टक लावून बसलं होतं.

“उद्या सकाळचा नंबर घेते,” त्या शेवटी म्हणाल्या. “पावडर लावून येऊ नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. वरचा कपडा वेगळा असला की बरं पडतं, म्हणाल्यात. पण...” आवाज एकदम खाली गेला. “पोलकं काढावं लागतं हो, आक्का. परक्या मुलीसमोर!”

आक्कांनी आपल्या पदराने मृणालिनीबाईंच्या हातावरचं दही पुसलं. बोटांच्या बेचक्यात ओघळलेलंसुद्धा.

“मृणाल, दर गुरुवारी शंभर बायकांपुढे अख्खा देह उतरवतेस. उद्या नुसतं पोलकं उतरव.”