नदीपलीकडचं लग्न

साम्राज्यात लग्नाचा कायदा ज्याच्या त्याच्या सुभ्याचा होता. नदीपलीकडच्या सुभ्यात दोन बायकांचं लग्न लागत असे, अलीकडे नाही. येसू आणि साळू पलीकडे लग्न करून अलीकडच्या बाजाराला आल्या, आणि साळू तापाने फणफणली. वैद्यशाळेत फक्त नात्याचं माणूस सोडत, म्हणून येसूला दारातच अडवलं.

ती तडक कचेरीत गेली. सुभेदार खंडेराव लोडाला रेलून म्हणाले, "पलीकडचं लग्न पलीकडेच राहतं, बाई. इथे खुद्द सम्राटांचंही चालत नाही."

"हा नियम सगळ्यांना?"

"सगळ्यांना!"

"मग सरकार, लग्न तर मुलीच्या दारी लागतं. बाईसाहेबांचं माहेर नदीपलीकडे, आमच्याच गावात. तुमचं वऱ्हाड नावेतून आलं, तेव्हा पंगतीत मीच वाढत होते. मग नदीच्या अलीकडे त्या तुमच्या कोण?"

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

"सांगा ना," बाईसाहेब म्हणाल्या, "मलाही ऐकायचंय."

खंडेरावांनी घाईघाईने हुकूम लिहिला: पलीकडे लागलेलं लग्न, कोणाचंही असो, अलीकडे खरं धरावं.

शाई वाळायच्या आत तो कागद घेऊन येसू साळूकडे धावली.