मधाच्या पोळ्याचं बक्षीस

फार मागे एका जंगलात सिंहाने दवंडी पिटवली, "वैद्याकडून जेवढे रोगी बरे होऊन जातील, तेवढी मधाची पोळी त्याला बक्षीस."

तेव्हापासून कोल्हेवैद्य खरचटलेले तेवढेच रोगी ठेवून घेई. चिघळलेली दुखणी म्हाताऱ्या कासवीणबाईंकडे धाडी. तिथे काही वाचत, काही दगावत.

"तुमच्याच दारात एवढे कसे मरतात?" सिंहाने बाईंना खडसावलं. बाई थकल्या होत्या, तरी पाला वाटत राहिल्या.

पुढे सिंहाचाच पंजा सडला. कोल्ह्याने हात जोडले, "महाराज, माझ्याकडे आजवर कुणी दगावलं नाही. तेवढं राहू द्या."

सिंह लंगडत बाईंच्या दारात आला. "कोल्ह्यानं पाठवलं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणजे दुखणं मोठं आहे. या, बसा."